आजारातून उठणाऱ्या माणसाची कातडी: घरी काय बघायचं, काय लावायचं, काय टाळायचं

पक्षाघात, मोठं ऑपरेशन, आयसीयूत काढलेला न्यूमोनिया, केमोथेरपी, जोराचा डेंग्यू. आजार वेगवेगळे असले तरी त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाची कातडी बरीचशी सारखीच असते. अंगावरचं मांस उतरल्यामुळे हाडं कातडीच्या अगदी जवळ आलेली असतात. कित्येक दिवस पोटभर जेवण गेलेलं नसतं. अँटिबायोटिकं, स्टिरॉइडं, सलाइनच्या पट्ट्या या सगळ्यातून ती कातडी गेलेली असते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आणि पुढच्या तपासणीची तारीख असते, कातडीबद्दल सहसा एक ओळही नसते.

या कातडीला दोन गोष्टी बिघडवतात: एकाच जागी पडत राहणारा दाब आणि अडकून राहिलेली ओल. दाबाबद्दल सिस्टर सांगतात, ओलीबद्दल सांगायचं राहून जातं. खाडीकाठच्या ठाण्यात आणि नवी मुंबईत जूनपासून ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत ओलच जास्त छळते.

आधी बघायला शिका

दिवसातून दोनदा अंग नीट बघायचं. सकाळी अंग पुसताना खिडकीच्या उजेडात, आणि रात्री झोपवण्याआधी मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून. उताणं झोपणाऱ्याच्या डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या फऱ्या, कोपरं, माकडहाड आणि टाचा बघायच्या. कुशीवर झोपणाऱ्याचा कान, खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोटा बघायचा. बऱ्याच घरांत टाचा बघायच्या राहतात, कारण पाय मोज्यात किंवा पांघरुणात असतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘कातडी लाल झाली का बघा.’ आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट वाटते. हाताची मागची बाजू टेकवून बघा, गरम लागते का, की उलट गार? बोटाने दाबून बघा, कडक आहे का, की जास्त पिकलेल्या केळ्यासारखी लिबलिबीत? दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून बघितलं की फरक लगेच कळतो. गोऱ्या माणसाची लाल जागा तीन सेकंद दाबून सोडली की क्षणभर पांढुरकी व्हायला हवी. ती झाली नाही, तर आत इजा सुरू झाली आहे.

अशी जागा सापडली की तिच्यावरचा भार पूर्ण काढा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. रंग उतरला, तर कूस बदलायला उशीर होत होता एवढंच. यापुढे लवकर बदला. रंग तसाच राहिला, तर तो बेडसोअरचा, म्हणजे सततच्या दाबाने पडणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. कातडी अजून फुटलेली नसते, त्यामुळे इथून माघारी फिरता येतं. त्या जागी चोळू नका. तेल लावून ‘रक्त मोकळं करायचं’ म्हणून चोळतात, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चिरडलेल्या असतात, चोळल्याने त्या फाटतात.

कूस बदलणं

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, उताणं, उजवी. वेळ लिहायचा कागद फ्रिजवर चिकटवा, म्हणजे दिवसाच्या मावशी गेल्या आणि रात्रीच्या आल्या तरी साखळी तुटत नाही. गादी चांगली असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल, तर रात्रीचं अंतर तीन तासांपर्यंत वाढवता येतं. एखादी जागा गडद दिसली की पुन्हा दोन तास.

फरफटत ओढू नका, यात सगळ्यात जास्त चुका होतात. माणूस गादीवरून सरकतो तेव्हा वरची कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. म्हणून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचेल अशी एक आडवी सुती चादर कायम अंगाखाली ठेवा. खाट सपाट करा. दोघांनी दोन बाजूंनी त्या चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरा, रुग्णाला आधी सांगा, आणि एकाच वेळी किंचित उचलून बाजूला घ्या. मग वळवा.

वळवताना पूर्ण काटकोनात कुशीवर करू नका. तसं केलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं, आणि तिथे मांस अगदी कमी असतं. तीस अंशांइतकं तिरकं पुरतं. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब उशी लावा, मग माकडहाडाखाली तळहात सरकवून ते मोकळं आहे का बघा. खालचा खांदा थोडा पुढे काढा, नाहीतर हात अंगाखाली दबतो. दोन गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. तिसरी पोटऱ्यांखाली, घोट्याच्या वरपर्यंत, म्हणजे टाचा हवेत राहतात. टाचेखालून एक कागद सहज सरकला पाहिजे.

नाकातून नळी असेल, तर डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवावंच लागतं, नाहीतर फीड, म्हणजे नळीतून दिलेलं अन्न, फुप्फुसात जायची भीती. पण मग माणूस खाली घसरतो आणि माकडहाड घासतं. त्याला सोपा उपाय आहे: आधी गुडघ्याखालचा भाग उचलायचा, मग उशाकडचा. उतरवताना आधी उसं, मग गुडघे. फीड नसताना डोकं ३० अंशांच्या वर ठेवायचं नाही.

खुर्चीत बसायला लागलं की घरात आनंद होतो, आणि माकडहाड तेव्हाच फुटतं, कारण बसल्यावर दाब झोपण्यापेक्षा जास्त असतो. सुरुवातीला एका वेळी तासाभराच्या वर बसवू नका. चार इंची फोमची गादी द्या. दर १५-२० मिनिटांनी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकायला लावा. मधे भोक असलेली रबरी रिंग अजिबात नको; भोकाच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याचाही उपयोग नाही.

एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी, भाड्याने मिळतो. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावायचं. मग माणूस झोपलेला असताना गादीखाली, माकडहाडाच्या रेषेत, तळहात सरकवा: हात आणि हाड यांच्यामध्ये निदान एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. एअर बेडवर एकच सुती चादर घाला. गोधडी, रबरी शीट, त्यावर अंडरपॅड, त्यावर चादर असे थर चढवले की एअर बेड असून नसल्यासारखा. वीज गेली तर नळ्या पंपातून काढून दुमडा आणि रबर लावा, हवा थोडा वेळ टिकते. तेवढ्यात वीज आली नाही तर दर तासाला कूस. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवलेल्या घरांतही बेडसोअर होतात.

बारीकसारीक गोष्टींनीही कातडी फुटते. परकराच्या नाडीची गाठ, कमरेचा करगोटा, मानेखाली आलेलं मंगळसूत्र, बांगड्या, चादरीवर राहिलेला पोळीचा तुकडा, मांडीखाली अडकलेली लघवीची नळी. झोपवल्यावर अंगाखालून एकदा हात फिरवा. करगोटा काढायला मन होत नसेल, तर सैल करून पोटाच्या बाजूला बांधा.

पाणी, साबण आणि मॉइश्चरायझर

पाणी कोमट, कोपर बुडवून सुखद वाटेल इतकंच. कढत पाण्याने अंग शेकल्याचं बरं वाटतं, पण कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो आणि रात्रभर खाज सुटते. साबण फक्त काख, जांघ आणि पावलांना. नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्लतेचं माप) ९-१० असतो, कातडीचा ५च्या आसपास. म्हणून वेष्टनावर ‘पीएच ५.५’ लिहिलेला सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, घ्या. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, तिथे साबणाचा थर अंगावर बसून राहतो. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्या. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट पाण्यात टाकू नका. टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं.

टिपून झाल्यावर तीन मिनिटांच्या आत, अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. दमट दिवसांत हातापाठीला पातळ लोशन चालतं. नडग्या आणि टाचांना घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लागते. किती लावायचं, याचं माप बोटावर आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका हाताला पंजासकट अशा चार रेघा, एका पायाला पावलासकट आठ, छाती-पोटाला सात, पाठीला सात. चेहरा-मान धरून सगळ्या अंगाला सुमारे चाळीस रेघा, म्हणजे वीस ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर २०० ग्रॅमची बाटली पाच दिवसांत संपते. तुमच्याकडे ती महिनाभर पुरत असेल, तर लावलेलं पुरत नाही.

खोबरेल तेल अखंड कातडीवर चांगलं, मोहरीचं तेल नको. सुगंधी उटणी, बेसन, लिंबू यांपैकी काहीही सध्या नको. मुंग्यांसारखी खाज येत असेल तर क्रीम थंड करून लावा, आणि नखं कापून ठेवा.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जेली किंवा क्रीम मुरलेली चादर आणि कपडे भुरकन पेटतात. निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी-सिगारेट खाटेपासून लांब हवी; आरतीचं तबक रुग्णाच्या अंगावरून ओवाळू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर नाकपुडीला आणि ओठाला पेट्रोलियम जेली किंवा तेल नको, पाण्यावर आधारलेली जेल वापरा. ऑक्सिजनची नळी कानामागे घासते, तिथे मऊ गॉजची घडी ठेवा.

घड्या, डायपर आणि पावसाळा

स्तनांखाली, पोटाच्या घडीत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत घाम अडकतो, कातडी पांढरी पडून भिजते, मग सोलते, आणि त्यात बुरशी वाढते. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन टिपा, घडी हाताने उघडी धरून पाच मिनिटं पंख्याची हवा लागू द्या. मग जुन्या सुती साडीची किंवा धोतराची मऊ पट्टी घडीत ठेवा आणि ओली झाली की बदला. इथे तेल, क्रीम नको. टाल्कम पावडरही नको. ती घामात भिजून तिच्या गोळ्या होतात, त्या सॅंडपेपरसारख्या घासतात, आणि झोपलेल्या माणसाच्या श्वासात जाते.

पक्षाघाताने मिटलेली मूठ ही अशीच एक घडी. तिला वास येऊ लागला की समजा, आत कातडी भिजली आहे. मनगट आधी आतल्या बाजूला वाकवलं की बोटं सैल पडतात. मग अंगठ्यापासून एकेक बोट हळूच उघडा, तळवा धुऊन कोरडा करा, आणि सुती कापडाची गुंडाळी हातात द्या. नखं दर आठवड्याला, नाहीतर ती तळव्यात रुततात.

जांघेत गडद चट्टा आणि त्याच्या कडेला सुट्या बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर बहुधा बुरशी. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं साधं मलम दिवसातून दोनदा, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ म्हणून मिळणारी मिश्र मलमं घेऊ नका. त्यात बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि नंतर तोच गजकर्ण दुप्पट पसरतो, कातडी पातळ होते.

डायपर दर तीन तासांनी उघडून बघा. शी झाली असेल तर त्याच क्षणी बदला. पुढून मागे पुसा. कोमट पाणी आणि कापूस पुरतो. मग झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा. पुढच्या वेळी वरचा मळलेला थर तेवढा काढायचा. पांढरं सगळं खरवडून काढायला गेलं की क्रीमबरोबर कातडीही येते. दिवसातून दोनदा अर्धा तास डायपर उघडा ठेवून खाली फक्त अंडरपॅड. डायपरच्या आत आणखी पॅड घालू नका.

डायपरने भाजलेली कातडी आणि बेडसोअर यांत गोंधळ होतो. ओलीने झालेला चट्टा पसरट, वेडावाकडा, घडीत आणि दोन्ही नितंबांवर असतो. बेडसोअर हाडाच्या बरोबर वर आणि कडा ठळक असलेला. पहिल्याला कोरडेपणा आणि क्रीम लागतं, दुसऱ्याला दाब काढावा लागतो. अनेकदा दोन्ही असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी वरून कोरड्या वाटतात, पण शिवणीत दमट असतात. गरम इस्त्री फिरवूनच अंथरा. पाठीला घामोळं आलं, तर त्यामागे बहुधा प्लास्टिकचा थर किंवा रबरी शीट असते. एसी २६वर ठेवा आणि पंख्याचा झोत थेट अंगावर नको.

चिकटपट्ट्या काढताना उभं ओढू नका. कातडीला समांतर, केसांच्या दिशेने, हळूहळू, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरत. चिकटून बसलेल्या पट्टीच्या कडेला खोबरेल तेल सोडून पाच मिनिटं थांबा. मात्र सलाइनची किंवा केमोची नळी जिथे आत जाते तिथे तेल नाही, ती पट्टी सिस्टरनेच काढायची.

केमो आणि रेडिएशन चालू असेल तर

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, उपचार घेण्यासाठी अनेक कुटुंबं आसपास खोल्या घेऊन राहतात. रेडिएशनची रोजची फेरी उन्हातून होते. ज्या भागावर किरण पडतात तो सुती, सैल कपड्याने झाका. कातडीवर काढलेल्या रेषा पुसू नका. त्या भागावर हळद, चंदन, लेप, गरम पिशवी, बर्फ, रेझर यांपैकी काहीही नको. सेशनच्या आधी जाड मलमाचा थर लावून जाऊ नका. उपचार संपले म्हणजे कातडीचा त्रास संपला असं नसतं: शेवटच्या सेशननंतर एक-दोन आठवडे तो वाढतोच, मग उतरतो.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळवे आणि तळपाय लाल होतात, भगभगतात, सोलतात. कढत पाण्यात भांडी, घट्ट चपला, लांब चालणं टाळा. १० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोनदा. दिल्लीच्या एम्समधल्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ टक्का डायक्लोफेनॅक जेल तळव्यांना दिवसातून दोनदा लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना हा त्रास मध्यम किंवा तीव्र झाला. औषध नसलेली जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा, मनाने सुरू करू नका.

तापानंतर

डेंग्यू उतरताना तळव्यांना जीव नकोसा करणारी खाज येते आणि लालसर अंगावर पांढरे ठिपके दिसतात. दोन-तीन दिवसांत ते जातं. चिकुनगुनियानंतर नाकावर काळसरपणा येतो, तो काही महिन्यांनी फिका पडतो. ब्लीच करू नका, उन्हापासून जपा. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि घरचे घाबरतात. आजाराच्या धक्क्याने थांबलेले केस तेव्हा गळतात, मुळं शाबूत असतात. सहा ते नऊ महिन्यांत भरून येतं. नखांवर आडवी खाच दिसली तर तीही त्याच दिवसांची खूण. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणून मुळापासून खाच किती लांब गेली यावरून आजार कधी झाला ते कळतं.

खाण्याबद्दल थोडक्यात: कातडी भरून यायला प्रथिनं लागतात. बेडसोअरचा धोका असलेल्या माणसाला किलोमागे रोज १.२५ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. नुसत्या पेजेवर आणि साबुदाण्यावर हे भरत नाही. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरच ठरवतील.

कातडी फुटली तर

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नॉर्मल सलाइनने जखम धुवा. उघडलेली बाटली २४ तासांनी टाकून द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, रोज बेटाडिन, हळद, राख, पावडर यातलं काही घालू नका. भरून येणाऱ्या पेशी त्याने मरतात किंवा जखमेत चिखल होतो. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली स्वतः काढू नका. जखमेशेजारी, तिला न लागता, मोजपट्टी ठेवून रोज त्याच उजेडात फोटो काढा, म्हणजे डॉक्टरांना वाढ कळते. मधुमेह असेल, आत खोल पोकळी असेल, वास, पू, ताप किंवा कडेची सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात सर्जरी आणि त्वचा, दोन्ही विभाग आहेत.

आणि एका प्रसंगी थांबायचंच नाही. फिटची गोळी, ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिडवरची गोळी), सल्फाचं औषध किंवा नवं अँटिबायोटिक सुरू होऊन एक ते चार आठवडे झाले असताना ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी हात लावला तरी दुखते आणि सोलते असं दिसलं, तर पुढची गोळी देऊ नका आणि १०८ला फोन करा. सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर न्या, संपलेलीसुद्धा.